उजवी बाजू

आमच्या घरात चित्र म्हणजे अर्धं चित्र. असं सांगितलं की लोक हसतात, म्हणून आधी तेवढं समजावून सांगते आणि मग पुढे जाते.

माझे वडील चादरींची नक्षी कागदावर उतरवून द्यायचे. त्यांना आम्ही नायना म्हणायचो. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्यासारखी तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची घरं एकमेकांना खेटून होती. कुणाकडे माग, कुणाकडे सूत रंगवायचं काम, कुणाकडे नुसत्या कांड्या भरायच्या, म्हणजे मागासाठी छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं. नायनांकडे ग्राफ. कारखानदार उंबऱ्याशी येऊन सांगून जायचे, या खेपेला मोर पाहिजे, नाहीतर कमळ पाहिजे, आणि नायना बारीक चौकोनांच्या मोठ्या कागदावर लाल पेन्सिलीने एकेक घर भरत बसायचे. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पडायची, पत्त्यांची माळ नक्षी विणणाऱ्या जेकार्डाच्या मागावर चढायची आणि चादरीत मोर उमटायचा.

गंमत पुढेच आहे. नायना मोर एकच काढायचे, चादरीवर मात्र दोन मोर समोरासमोर उभे राहायचे. मागाची बांधणीच तशी असायची. कागदावर जे डावीकडे असेल तेच उलटं होऊन उजवीकडे आपोआप विणलं जायचं. कमळ असेल तर डावीकडच्या पाकळ्या काढल्या की काम संपलं. उरलेलं माग काढतो, असं नायना म्हणायचे, लाल पेन्सिल कानावर ठेवायचे आणि चहा मागायचे.

खोली एकच. खिडकीपाशी नायनांचा ठोकळा, म्हणजे त्यांचं उतरतं लाकडी डेस्क. त्यांच्या बरोबर समोर, भिंतीला टेकून, आईचा चरखा. ती उजव्या हाताने चाक फिरवायची, डाव्या हातात सूत धरायची आणि कांड्या भरायची. मधल्या जागेत आम्ही सगळे जेवायचो, झोपायचो, भांडायचो. मी नायनांच्या शेजारी बसून घरं भरायला शिकले ते अक्षरं गिरवायच्याही आधी. लोकांची मुलं भिंतीवर रेघोट्या मारून मार खातात, मला घरातूनच पेन्सिल मिळत होती.

शाळेत ड्रॉइंगच्या तासाला मी तसंच करायचे. समोर तांब्या असो की फुलदाणी, आधी डावी बाजू काढायची. नुसती काढायची नाही, छाया, रंग, चकाकी, सगळं करून ती पक्की करायची. मग पातळ कागदावर तिचा खाका घ्यायचा, कागद उलटा करायचा आणि उजवीकडे छापून टाकायचा. इतकं बेमालूम जमायचं की एलिमेंटरीला आणि इंटरमिजिएटला, चित्रकलेच्या त्या दोन्ही सरकारी परीक्षांत, मला वरची श्रेणी मिळाली. आमच्या ड्रॉइंगच्या बाई तर मला हरभऱ्याच्या झाडावर चढवून मोकळ्या झाल्या. मॅट्रिकचा निकाल लागला तशा त्या घरी आल्या आणि नायनांना म्हणाल्या, हिला मुंबईला मोठ्या कॉलेजात घाला, इथे ठेवून वाया घालवू नका.

वाचणाऱ्याला वाटेल, आता वडील नाही म्हणाले असतील. मुळीच नाही. नायनांना ते इतकं पटलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. बाकी सगळं ते तेलुगूत सांगायचे, पण 'मोठं कॉलेज' हे दोन शब्द मराठीत, आणि जरा छाती पुढे काढून. लहान गोष्टींचं त्यांना वावडंच होतं. रुमालाची नक्षी कुणी सांगितली तर तोंड वाकडं करायचे. काढायची तर पलंगभर चादर काढायची.

अडचण आईची होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं. आमच्यात मामाच्या मुलाला मुलगी द्यायची पद्धत. माझा मामा भिवंडीला होता, त्याचे माग बरे चालले होते आणि त्याचा मुलगा लग्नाचा झाला होता. तो मुलगा वाईट नव्हता. फक्त स्वतःच्याच बोलण्यावर आधी स्वतःच हसायचा. असल्या माणसाबरोबर सगळा जन्म काढायचा हे मला नको होतं. शेवटी घरात तडजोड झाली. मोठ्या कॉलेजात नंबर लागला तर लग्नाचं नाव काढायचं नाही. नाही लागला तर मी घरीच ग्राफ भरायचे आणि येत्या लग्नसराईत मामाकडे जायचं. मला नंबर लागणारच होता, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं.

नायना मला प्रवेशाच्या परीक्षेला घेऊन गेले तो मुंबईच्या त्या कॉलेजचा हॉल मला अजून दिसतो. छत इतकं उंच की वर कबुतरं बसलेली. कोपऱ्यात पांढऱ्या प्लास्टरची माणसं, कुणाला हात नाही, कुणाला नुसतंच डोकं. मध्ये एका टेबलावर तांब्याची हंडी, निळं कापड आणि समई मांडून ठेवली होती. आम्ही गोल करून बसलो. मी नेहमीसारखी डावीकडून सुरुवात केली. हंडीची डावी कड, तिच्यावरचे ठोके, कापडाच्या चुण्या. आजही सांगते, ती डावी बाजू मी फार सुंदर काढली होती.

मग मी पिशवीतून पातळ कागद काढला. देखरेख करणारे एक पिकल्या केसांचे गृहस्थ जवळ आले आणि हळूच तो कागद उचलून घेत म्हणाले की बेटा, इथे खाका चालत नाही, नुसतं बघून काढायचं. बोलले अगदी मायेने. पण मला काही उमगेना. बघून म्हणजे काय बघून? उजवी बाजू बघायची असते हेच मला ठाऊक नव्हतं. मी हंडीकडे बघायची, मग माझ्या डाव्या बाजूकडे बघायची, तीच उलटी करून मनातल्या मनात मोजायची, खोडायची. घंटा झाली तेव्हा माझ्या कागदावर अर्धी हंडी होती, अर्धी समई होती आणि उजवीकडे खोडरबराचा मळ. त्या गृहस्थांनी कागद उचलला, एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. काही विचारावं असं त्यांना वाटलं असणार. पण हॉल भरलेला होता आणि त्यांना पुढचे कागद गोळा करायचे होते. त्यांची काहीच चूक नव्हती. फळ्यावर निकाल लागला, त्यात मी नव्हते.

परतीच्या गाडीत मीच नायनांना सांगितलं की उजवी बाजू राहून गेली. ते विचारात पडले आणि मला समजवावं तसं म्हणाले, मग त्यांना सांगायचं होतंस, उरलेलं माग काढतो म्हणून. त्यांना खरंच वाटत होतं की मी हे एवढं एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. मला असा राग आला की मी खिडकीकडे तोंड फिरवलं ते कुर्डुवाडी येईपर्यंत. माझा राग पहिल्यापासूनच नाकाच्या शेंड्यावर. कुर्डुवाडीला त्यांनी खाली उतरून गरम भजी आणली आणि पुडा माझ्या मांडीवर ठेवला. मी ती सगळी खाल्ली. बोलले मात्र नाही.

घरी आल्यावर मी ग्राफ भरू लागले. ठरलंच होतं तसं. मिलचा भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं, मधल्या वेळात लाल घरं. जे काम मला खेळासारखं वाटायचं ते आता डोळ्यांसमोर नको झालं. भिवंडीहून मामाचा निरोप आला की सवडीने येऊन बोलणी करू. नायना गल्लीतून जाताना मान खाली घालून जायचे, कारण त्यांनीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी आईशी धड बोलत नव्हते, नायनांशी तर नाहीच. भाकरी थापायला सांगितली तर अशी आपटायची की शेजारीण विचारायची, आज काय झालं.

अशात ड्रॉइंगच्या बाई पुन्हा आल्या. त्यांनी सांगितलं की नवी पेठेच्या मागच्या बाजूला, एका सायकलच्या दुकानावर, चित्रकलेचं एक छोटं कॉलेज सुरू होऊन थोडी वर्षं झाली आहेत. दोन खोल्या आहेत, विद्यार्थी मोजकेच, पण शिकवणारे सर चांगले आहेत. मुंबई नाही तर नाही, निदान तिथे तरी जाऊन बघा.

मी नाक मुरडलं. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांना कॉलेज म्हणायचं असेल तर आमचंही कॉलेजच होतं, आमच्याकडे तर एकच खोली होती. नायनांचंही तेच मत. ते म्हणाले की लहान कॉलेज म्हणजे शिकवणीच, ती करून येणार आणि पुन्हा ग्राफच भरणार, त्यापेक्षा घरी बसलेली काय वाईट. कितीतरी दिवसांनी आमचं दोघांचं एकमत झालं होतं, आणि तेही असल्या गोष्टीवर.

आई मध्ये पडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. लग्न तर तिलाच हवं होतं. पण तिने चरखा थांबवला आणि म्हणाली, बघून तर या. हिचं हे तोंड दिवसभर समोर असतं, माझं सूत तुटायला लागलंय. बाई हसल्या. नायनांनी टोपी घातली. मी रागारागातच चप्पल पायात सरकवली.

ते कॉलेज शोधायला वेळ लागला, कारण पाटी जिन्याच्या आत होती. खाली पंक्चर काढणाऱ्यांची ठोकाठोक आणि रबराच्या सोल्यूशनचा वास. वर गेलो तर एक मध्यम वयाचे गृहस्थ हातात केरसुणी घेऊन पेन्सिलीची टरफलं झाडत होते. नायनांनी त्यांना विचारलं, प्राचार्य साहेब कुठे भेटतील. त्यांनी केरसुणी कोपऱ्यात उभी केली, हात झटकले आणि म्हणाले, मीच की, बसा. शिपाई, कारकून आणि प्राचार्य असे तिन्ही तेच. अक्कलकोटकडचे होते, घरात कानडी बोलणारे, मराठीला तिकडचा हेल. नायनांचा चेहरा पडला. ज्या कॉलेजचे प्राचार्य झाडू मारतात ते कॉलेज गल्लीत कोणत्या तोंडाने सांगायचं, हे त्यांच्या कपाळावर लिहिलेलं मला वाचता येत होतं. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं.

आतल्या खोलीत तिघे-चौघे काम करत होते. एक वैरागचा होता, एक कुर्डुवाडीहून रोज रेल्वेने ये-जा करायचा, एक सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्यांच्या घरातला. त्याने माझ्याकडे बघून मुकाट्याने आपली पाटावरची जागा थोडी सरकवली. सरांनी माझी आधीची चित्रं पाहिली, चांगली आहेत म्हणाले, आणि ती बाजूला ठेवून दिली. मग खाली जाऊन दुकानातला तेलाचा जुना डबा आणला, लांब चोचीचा, आणि स्टुलावर ठेवला. म्हणाले, काढ. घाई नाही, दुपारचा भोंगा होईपर्यंत वेळ आहे.

मी डावीकडून सुरुवात केली. डावी बाजू पक्की केली आणि थांबले. सर माझ्या मागेच उभे होते. मुंबईच्या हॉलमध्ये कुणाला इतकी उसंत नव्हती. इथे बघायला दुसरं होतंच काय? त्यांनी विचारलं की का थांबलीस, उरलेलं अर्धं कुठं आहे. माझी मान वर होईना. आता पुन्हा तेच होणार, पुन्हा तोच जिना, तीच गल्ली, आणि मग भिवंडी.

तेवढ्यात भिंतीशी बसलेले नायना बोलले. बाहेर मराठी बोलताना त्यांचं नेहमी अडखळायचं, पण हे वाक्य त्यांनी अगदी ठासून म्हटलं.

"उरलेलं अर्धं माग काढतंय, सर."

मला वाटलं, फरशी दुभंगावी. कुर्डुवाडीचा पोरगा हसलासुद्धा. सर हसले नाहीत. त्यांनी नायनांना विचारलं, ते कसं? आणि ते सरळ नायनांच्या समोर खाली मांडी घालून बसले. नायनांनी बगलेतली ग्राफची गुंडाळी उलगडली. ती त्यांनी कशाला आणली होती देव जाणे. त्यांनी मोर दाखवला, घरं दाखवली, पत्ते कसे चढतात आणि दोऱ्या कशा बांधतात ते हाताने हवेत बांधून दाखवलं. सरांना जेकार्डाचं काही माहीत नव्हतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. पुन्हा पुन्हा विचारत राहिले. नायनांना मुंबईत, गाडीत, गल्लीत, इतक्या दिवसांत कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांचा आवाज मोकळा झाला. मी मात्र डब्यासमोर अर्धं चित्र घेऊन चुळबुळत बसले होते.

मग सर उठून माझ्याकडे आले.

"आमच्याकडं माग न्हाय की," ते म्हणाले. "उजवी बाजू तुलाच काढावी लागंल. आणि बघ जरा, दोन्ही बाजू सारख्या कुटं हायत?"

मी बघितलं. खिडकी उजवीकडे होती. त्या बाजूची डब्याची कड उजेडात विरघळून गेली होती, कुठे संपते तेच कळत नव्हतं. खाली एक पोचा आलेला, त्यात तेलाचा काळा ओघळ. डावीकडे यातलं काहीच नव्हतं. तो डबा मघापासून माझ्या समोर होता आणि मी तो अर्धाच बघितला होता. मला डब्याचाच राग आला. भोंग्यापर्यंत मी ती उजवी कड काढत होते, ती काही साधली नाही. पण निघताना माझ्या लक्षात आलं की मला निघायचंच नाहीये.

सरांनी सांगितलं की सोमवारी एक चित्र घेऊन ये. रोज जे समोर दिसतं तेच काढ, खाका न घेता, दोन्ही बाजू बघून. मग तू ठरव इथं यायचं का, आणि वडील ठरवतील.

वाटेत नायना एवढंच म्हणाले की माणसाला मागातलं काही कळत नाही, पण ऐकलं सगळं. मी आशेने त्यांच्याकडे बघितलं, तर पुढे म्हणाले, कॉलेज मात्र फारच लहान आहे. घरी गेल्यावर आईने विचारलं तेव्हाही त्यांनी बघू म्हणून विषय टाळला. मामा पुढच्या आठवड्यात येणार होता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

रविवारी मी कागद घेऊन आईसमोर बसले. रोज समोर दिसणारं माझ्याकडे दुसरं होतं तरी काय? मी नायनांच्या ठोकळ्याला पाठ टेकली, म्हणजे आई मला नेमकी तशी दिसेल जशी ती नायनांना दिसायची. ती म्हणाली, मला काय काढतेस, एखादी देवी काढ. आणि चाक फिरवत राहिली.

सवयीने कागदाची डावी बाजू आधी झाली. आईचा उजवा हात चाकावर, त्यावरच्या हिरव्या बांगड्या, खांद्यावरून पुढे आलेला पदर. ते छान जमलं. मग कागदाच्या उजव्या बाजूला मी दुसरा खांदा पहिल्याच्या बरोबरीने काढला आणि लांब धरून बघितलं. ती माझी आई नव्हती. कॅलेंडरवरची कुणीतरी बाई चरख्यापाशी बसली होती. मी खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा तीच बाई. कागद फाडून टाकावा असं वाटलं. मग सरांचा तो डबा आठवला, आणि मी पेन्सिल खाली ठेवून नुसती बघत बसले.

तेव्हा मला दिसलं. आईचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला खाली उतरला होता. चाक तिच्या बसण्यापेक्षा खालच्या अंगाला होतं, आणि वर्षानुवर्षं त्याच्यावर झुकून झुकून तिचं सगळं अंगच एका बाजूला कललं होतं. डावा खांदा वर, मान जराशी तिरकी. ती चाक फिरवत नव्हती तेव्हाही तशीच बसायची, तशीच चालायची, ताटात वाढायचीसुद्धा तशीच. ज्या बाईच्या मांडीवर मी वाढले तिचे दोन खांदे सारखे नाहीत हे मला त्या दिवशी कळलं. मला रडू आलं. ते मी आवरलं नाही, आणि आईने विचारलं तर डोळ्यात कचरा गेला असंही म्हटलं नाही. मी म्हटलं, हलू नकोस, तसाच खांदा ठेव. ती म्हणाली, कसा?

मी जसं दिसलं तसं काढलं. डावा खांदा वर, मान तिरकी, दोन्ही बाजू वेगळ्या. चित्रात चुका पुष्कळ होत्या. चाक अंड्यासारखं झालं होतं, पाट तर काढायचाच राहिला होता. पण ती आईच होती, कुणीही ओळखली असती.

नायना बाहेरून आले तेव्हा चित्र ठोकळ्यावर वाळवायला ठेवावं तसं पडलं होतं. त्यांनी ते उचललं. आधी त्यांना वाटलं मी खांदा चुकवला आहे, कारण त्यांनी बोट तिथेच ठेवलं आणि मला काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मग त्यांनी समोर आईकडे पाहिलं. पुन्हा चित्राकडे पाहिलं, पुन्हा आईकडे. ती चाक फिरवत होती. लग्न झाल्यापासून ते याच जागी बसत होते आणि ती त्या जागी. ते तसेच खाली बसले. त्यांनी टोपीसुद्धा काढली नाही.

सोमवार उजाडला. सकाळी मी उठले तर ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तयार होते. माझं चित्र त्यांनी ग्राफच्या कागदात नीट गुंडाळून घेतलं होतं. म्हणाले, चल, बिड्डा, चल पोरी, लहान कॉलेजात उशिरा गेलेलं लगेच दिसतं.

सरांनी चित्र भिंतीला टेकवून लांबून पाहिलं. कौतुक केलं नाही. विचारलं की ह्या बसल्यात कशावर, हवेत का? चाकाबद्दलही बरंच बोलले. मग म्हणाले की उद्यापासून पेन्सिल घरूनच टोक करून आणायची, इथं लई टरफलं होतात. एवढंच. नायनांनी माझ्यासाठी हात जोडले आणि मी बोर्डवाल्यांच्या मुलाने सरकवून दिलेल्या जागेवर जाऊन बसले. भिवंडीच्या मामाला नायनांनी स्वतः सांगितलं की मुलगी कॉलेजला जाते, इतक्यात बोलणी नकोत. कुठलं कॉलेज म्हणून त्याने विचारलं, तर म्हणाले, आपल्या नवी पेठेतलं, सायकलच्या दुकानावरचं. छाती त्यांनी तशीच पुढे काढली होती.

पण मला आठवते ती त्या सोमवारची संध्याकाळ. मी घरी परतले तर चरखा जागेवर नव्हता. नायनांनी कुठूनतरी विटा आणल्या होत्या आणि त्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून चरख्याखाली सरकवत होते. आई कुरकुरत होती की आता चाक उंच झालं, हात अवघडतो, इतकी वर्षं चाललं ते काय वाईट होतं. त्यांनी तिला हाताला धरून बसवलं. चाक फिरवायला सांगितलं. मग आपल्या जागी ठोकळ्यामागे जाऊन बसले आणि डोळे बारीक करून तिच्या खांद्यांकडे पाहू लागले. एक वीट काढली, पुन्हा घातली. शेवटी त्यांनी हात टेकले आणि जागेवरून उठून मला म्हणाले,

"हितं तू बस. माझ्या डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. तू बघून सांग."

मी दप्तर खाली ठेवलं, त्यांच्या जागी बसले आणि आईकडे बघू लागले.